विहिरीचं पाणी प्यायचं तर

पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे गावात येतात तेव्हा बहुधा एक प्रयोग करून दाखवतात. दोन पेले घेतात. एकात घरातलं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्रातलं. दोन्हींत धातूच्या सळया सोडून वीज जोडतात. मिनिटभरात बोअरचं पाणी तपकिरी होतं, वर साका धरतो. यंत्राचं पाणी नितळच राहतं. "बघा वहिनी, हे तुम्ही रोज पिता," असं म्हणून विक्रेता पावतीपुस्तक बाहेर काढतो.

तो रंग विहिरीचा नसतो, सळईचा असतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे काहीच घडत नाही. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तपकिरी होईल. माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे. अडचण अशी, की फसवणारा माणूस ज्या शंकेवर धंदा करतो ती शंका मात्र खोटी नाही. नेवासा तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याबद्दल काळजी करण्यासारखं बरंच काही आहे. फक्त ते त्या पेल्यात दिसत नाही, चवीला कळत नाही आणि त्याचा वासही येत नाही.

भूजलात उतरलेली रसायनं पिण्याच्या पाण्यातून कशी काढायची, हा या पुस्तकाचा विषय. तो मांडताना आधी पाणी कुठल्या जमिनीतून येतं ते पाहावं लागतं, कारण रसायन तिथेच मिसळतं.

नेवासा प्रवरेच्या काठावर आहे. मोहिनीराजाचं देऊळ आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो खांब यांसाठी बाहेरचे लोक इथे येतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1954 पासून इथलं टेकाड आणि नदीकाठच्या दरडी तपासल्या, तेव्हा सातवाहनकाळापासून मागे थेट अश्मयुगापर्यंतचा माणूस त्यांना एकाच गावात सापडला. त्या दरडींत दगडी हत्यारं ज्या थरांत मिळाली ते गोट्यांचे, वाळूचे आणि गाळाचे थर आजही उघडे दिसतात. काठालगतच्या विहिरींना पाणी देतात ते हेच थर. नदीपासून सोनई, घोडेगावकडे सरकलं की गाळ संपतो. तिथे काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीचं पाणी मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत असतं. बोअर त्याखालचे सच्छिद्र थर शोधत जाते.

खडक आणि चुनखडी पाण्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देतात. पाणी जड होतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तपेल्याला पांढरा थर बसतो. बायकांची तक्रार बहुतेक याच पाण्याबद्दल असते आणि यंत्रं विकली जातात तीही याच तक्रारीवर. तरी जडपणा हा मुख्यतः त्रासाचा विषय आहे, विषाचा नाही. भारतीय मानकात (आयएस 10500, सन 2012) जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे ज्याला सगळे आता 'टीडीएस' म्हणतात, त्यांना 500 ची मर्यादा आणि 2000 पर्यंत सूट. नायट्रेटची ओळ मात्र वेगळी आहे. तिथे मर्यादा 45 आणि पुढे शब्द आहेत : सूट नाही.

या पुस्तकातली सर्वांत जास्त पानं नायट्रेटला दिली आहेत ती त्या दोन शब्दांमुळे.

तालुक्याचं पाणी बदललं ते मुळा धरणानंतर. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ 26 टीएमसीचं हे धरण झालं, उजवा कालवा नेवाशाच्या शिवारात आला आणि पर्जन्यछायेतल्या कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. सोनई आणि भेंडे इथे सहकारी साखर कारखाने आले, दूध आलं, घोडेगावचा कांदा बाजार आला. आज इथला माणूस ज्या सुबत्तेत जगतो ती या पाटपाण्याची आहे आणि तिच्याकडे नाक मुरडायचा माझा विचार नाही. पण कालव्याचं पाणी जमिनीत मुरतं तसं त्याच्याबरोबर खतही मुरतं. काही ठिकाणी जमिनी पाणथळ झाल्या, चोपण झाल्या, हे डोळ्यांना दिसलं. विहिरीत काय उतरलं ते दिसलं नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची आहे. नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तर 45 किलोच्या साधारण एकोणीस गोण्या. शिफारशीवर थांबणारे शेतकरी किती, हे कृषी सेवा केंद्रातल्या कुणालाही विचारावं. पाटपाणी सोडून भिजवलेल्या उसाला दिलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमी नत्र पिकात जातं. उरलेल्यातलं काही हवेत उडतं, काही मातीत राहतं आणि बाकीचं खाली जातं. खाली जाण्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. युरियापासून आधी अमोनियम तयार होतं. त्यावर धन भार असतो, म्हणून ऋण भाराची चिकणमाती त्याला धरून ठेवते. मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्यावर ऋण भार असल्याने मातीचा त्याच्यावर काही ताबा राहत नाही, आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा तर पहिल्या पावसाला सरळ खालची वाट करून देतात.

दोष सगळा उसाचाच नाही. गोठ्यातलं मूत, विहिरीच्या थारोळ्याशेजारचा उकिरडा आणि संडासचे खड्डे या सगळ्यांतून तेच नायट्रेट येतं. गावठाणातल्या विहिरीत ते शिवारातल्या विहिरीपेक्षा जास्त निघालं तर नवल नाही. डास हटवण्यासाठी गावोगाव शोषखड्डे झाले आणि ती योजना चांगली आहे. पण सार्वजनिक विहिरीपासून चार पावलांवर शोषखड्डा घेऊन 'जलपुनर्भरण' अशी पाटी लावलेली पाहिली की कपाळावर हात मारावासा वाटतो.

नायट्रेट प्रौढ माणसाला लगेच काही करत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांच्या आजाराचा संबंध शेतवाडीतल्या विहिरींच्या पाण्याशी जोडून दाखवला. आयोवा म्हणजे मक्याचा आणि जनावरांचा मुलूख. विहिरी उथळ, गोठ्यांच्या जवळ. नेवाशाच्या वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. अंगावर पिणारं बाळ यातून सहसा सुटतं, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलं की धोका सुरू होतो.

आपल्याकडे अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात : पाणी उकळून द्या. जंतूंसाठी तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. नायट्रेटसाठी तो उलटा पडतो. लिटरला 60 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर केलं, तर नायट्रेट तेवढंच राहतं, पाणी कमी होतं आणि प्रमाण 80 वर जातं. तुरटीने नायट्रेट जात नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकूनही जात नाही. गाळण, कापड, माठ, तांब्याचा हंडा, यांपैकी कशानेही जात नाही. हे वाक्य मी पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं आहे आणि त्याबद्दल संपादकांशी वादही घातला आहे.

हा प्रश्न नेवाशापुरता नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या सुमारे 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं आणि महाराष्ट्रात हे प्रमाण 35 टक्क्यांहून अधिक होतं. अर्थात सरासरीने कुणाची विहीर कळत नाही. एकाच वस्तीवरच्या, हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींचे आकडे एकमेकांच्या दुप्पट असू शकतात, कारण खडकातल्या भेगा शेजारधर्म पाळत नाहीत.

मग काढायचं कसं? एक रसायन एका पद्धतीने जातं, दुसरं दुसऱ्या, आणि 'सगळं काढणारं' यंत्र बहुतेक वेळा नको तेही काढतं. बोअरच्या पाण्यातलं लोह हवा देऊन आणि वाळूतून गाळून निघतं. त्याला महागडं काही लागत नाही. फ्लोराइड हा यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांचा जुना प्रश्न. त्यासाठी नागपूरच्या 'नीरी'ने चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर वापरून केलेली नालगोंडा पद्धत जगभर माहीत आहे. आपल्याकडे तिची गरज क्वचित पडेल, म्हणून ते प्रकरण छोटं ठेवलं आहे. आर्सेनिक गंगेच्या गाळाच्या प्रदेशात माणसं मारतं, आपल्या पाषाणाच्या मुलखात तो मोठा प्रश्न नाही. त्याची भीती घालून कुणी यंत्र विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

नायट्रेटसाठी खऱ्या वाटा चारच. पहिली आरओची. दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलायचं, क्षार मागे राहतात. ही पद्धत काम करते, याबद्दल शंका नाही. पण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना बऱ्याचदा तीन लिटर नळीवाटे बाहेर टाकतं आणि त्या पाण्यात क्षारांचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं असतं. गावाचं मोठं यंत्र यापेक्षा बरं चालतं, तरी निम्म्यापर्यंत पाणी टाकून देणारी यंत्रं आहेतच. एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे परवडतं का? शिवाय ते टाकलेलं पाणी जातं कुठे, हे पाहायला कुणी यंत्राच्या मागच्या बाजूला जात नाही. गटारातून शोषखड्ड्यात आणि शोषखड्ड्यातून पुन्हा त्याच विहिरीत, असा फेरा मी एकाहून जास्त गावांत पाहिला आहे. हे पाणी फरशी धुवायला, संडासला, गाड्या धुवायला वापरता येतं. परसातल्या भाजीला रोज घालू नये, आणि विहिरीजवळ मुरवू तर मुळीच नये.

दुसरी वाट आयन विनिमयाची. राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या टाकीतून पाणी सोडलं की मणी नायट्रेट पकडतात आणि बदल्यात क्लोराइड सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरायचे. पाणी फारसं वाया जात नाही, वीज कमी लागते. मात्र इथे एक खोडा आहे आणि विक्रेते तो सांगत नाहीत. साध्या राळेला नायट्रेटपेक्षा सल्फेट जास्त प्रिय असतं. सल्फेट भरपूर असलेल्या खारवट पाण्यात ती आधी सल्फेट धरते, आणि धुवायला उशीर झाला तर आधी पकडलेलं नायट्रेट एकदम सोडून देते. तेव्हा टाकीतून बाहेर येणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा वाईट असतं. नायट्रेट निवडून घेणारी राळ मिळते, ती महाग आहे. म्हणून सल्फेटचा आकडा हातात नसताना आयन विनिमयाची टाकी विकत घेऊ नये.

तिसरी वाट जिवाणूंची. प्राणवायू नसलेल्या टाकीत विशिष्ट जिवाणूंना खाद्य दिलं की ते नायट्रेट फोडून नत्रवायू करतात, तो हवेत जातो. रसायन खरोखर नाहीसं होतं ते इथेच. बाकी पद्धती त्याची जागा बदलतात. युरोपात काही शहरं ही पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात. पण तिला रोजचा जाणकार लागतो, नंतर गाळणी आणि निर्जंतुकीकरण लागतं. पंप चालवणाऱ्या एकाच माणसावर चालणाऱ्या ग्रामपंचायतीला मी ती आज सुचवणार नाही.

चौथी वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. मिसळणं. तालुक्यातल्या बऱ्याच गावांना प्रादेशिक योजनांमधून धरणाचं पाणी येतं. ते दररोज पुरेसं येत नाही, म्हणून मध्ये मध्ये विहिरीचं पाणी सोडलं जातं : आज योजनेचं, उद्या विहिरीचं. समजा विहिरीत नायट्रेट 90 आहे आणि योजनेच्या पाण्यात 10. दोन भाग विहिरीचं आणि तीन भाग योजनेचं पाणी टाकीत एकत्र केलं तर ते 42 वर येतं, म्हणजे मर्यादेच्या आत. त्याला यंत्र लागत नाही. लागते एक मोठी टाकी, दोन मीटर आणि वेळापत्रक पाळणारा माणूस. जेवढे पैसे 'फिल्टरच्या पाण्याच्या' केंद्रांच्या उद्घाटनाच्या मांडवावर जातात तेवढ्यात हे मीटर बसतील, असं मी लिहिलं तर कुणी रागावू नये.

शुद्धीकरणाचं गणित एकदा मांडून पाहिलं की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. दोन हजार वस्तीच्या गावाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी पाच लिटर धरलं तर रोज दहा हजार लिटर पाणी लागतं. विहिरीचं नायट्रेट 90 वरून 45 वर आणायचं तर यंत्र दिवसाला 450 ग्रॅम नायट्रेट वेगळं काढेल. आता युरियाची एक गोणी घ्या. तिच्यातल्या 20.7 किलो नत्राचं सगळं नायट्रेट झालं तर ते जवळजवळ 92 किलो होतं. म्हणजे एका गोणीतून पाण्यात उतरू शकणारं नायट्रेट काढायला गावाचं यंत्र दोनशेहून जास्त दिवस चालवावं लागेल. सगळी गोणी काही पाण्यात जात नाही, हे खरं. पण शिवारात गोणी एकही नसते, हजारो असतात. यावरून मी काढलेला निष्कर्ष एवढाच : यंत्राने हंडाभर पाणी वाचवता येतं, विहीर वाचवता येत नाही. विहीर वाचते ती माती तपासून खत देण्याने, एकदम ओतण्याऐवजी हप्त्याहप्त्याने आणि ठिबकमधून देण्याने, उकिरडा विहिरीपासून हलवण्याने. म्हणून पाण्याच्या या पुस्तकात उसाच्या खतावर एक पूर्ण प्रकरण आहे.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. रासायनिक दोष हळू काम करतात, जंतू रात्रीत. नायट्रेटच्या नादात टीसीएल विसरणं म्हणजे काविळीला आणि जुलाबांना आमंत्रण देणं. लग्नकार्यात येणारे थंड पाण्याचे जार थंड असतात, एवढीच खात्री देता येते. पाणी आरओचं असेलही, पण जार कशाने धुतला आणि त्यात क्लोरीनचा मागमूस आहे का, हे कुणी विचारत नाही. जलसुरक्षकाचं रोजचं काम कुठल्याही यंत्रामुळे संपत नाही.

आणि कार्डांबद्दल. ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता आणि साथरोगाची जोखीम पाहून दिलं जातं. हिरवं कार्ड ही अभिमानाची गोष्ट आहे, मात्र त्यावरून विहिरीतलं नायट्रेट कळत नाही. टीडीएसच्या पेनवरूनही कळत नाही. टीडीएस 700 दाखवणाऱ्या पाण्यात नायट्रेट 10 असेल किंवा 110, पेन तोच आकडा दाखवेल. जलजीवन मिशनमधून गावात आलेल्या तपासणी संचात नायट्रेटची चाचणी असते आणि ती करायला गावातल्या महिलांना शिकवलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी तो संच कपाटात आहे. तो बाहेर काढावा, आणि संचात रंग गडद आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

पुस्तक क्रमाने वाचायची सक्ती नाही. ज्यांना यंत्र घ्यायचं आहे त्यांनी निविदेच्या प्रकरणाकडे आधी जावं. देखभालीचा करार पाच वर्षांचा नसेल तर यंत्र घेऊ नये, एवढं तिथे सापडेल. पण त्याआधी एक काम करा. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या पिण्याच्या स्रोताचा शेवटचा रासायनिक तपासणी अहवाल मागा आणि त्यातली नायट्रेट, सल्फेट आणि टीडीएस या तीन ओळी वहीत उतरवून घ्या. अहवाल नसेल किंवा जुना असेल, तर पंप दहा मिनिटं चालवून, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या कॅनमध्ये दोन लिटर पाणी भरा, त्यावर स्रोताचं नाव आणि तारीख लिहा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत लवकरात लवकर पोचवा. एक नमुना उन्हाळ्यात घ्या, दुसरा पावसाळा संपल्यावर. ते आकडे हातात नसतील तर या पुस्तकातली कुठलीच पद्धत निवडू नका.